चिकातली कणसं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हुरडा चोळणं. उस्मानपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत हिवाळ्यात दुपारचं ऊन येतं. तिथं गोणपाट टाकून समोरासमोर बसलो. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, पाचोडहून कणसांची पिशवी धाडली होती. इथं आगटी कुठली अन् गवऱ्या कुठल्या. गिरजा, माझी बायको, गॅसवर पापडाची जाळी ठेवून कणीस भाजून आणायची, माझ्या तळहातावर टाकायची. चोळायचं मी, फुंकायचं तिनं, आणि भूस सगळं माझ्या धोतरावर.

पिशवीतली निम्मी कणसं कवळी निघाली. गिरजानं एका दाण्याला नख लावलं तर पांढरा थेंब वर आला.

"बगा. चिकातच खुडली तुमच्या भाच्यानं. दम निघत नाय त्याला."

चीक हा शब्द कानावर पडला की माझा हात थांबतो. पन्नासाच्या वर वर्षं झाली, अजून थांबतो. तिला ते ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी भुसाकडं. एक वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं होतं. लई जुनं वाक्य. किती वेळा आलं अन् माघारी गेलं त्याला गणती नाही.

"अवं, चोळा हातातलं," ती म्हणाली. "गार झालं की दाना सुटत नाय."

मी चोळलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती गेली. नातवाची लेक, पाच महिन्यांची पणती, मांडीवर घेऊन बसली होती. सुनेला म्हणाली, "हिला घे गं, मला गळल्यावानी व्हतंय." आडवी झाली, ती उठली नाही.

यंदा पुन्हा पिशवी आली आहे. भाच्याला शहाणपण आलेलं दिसतंय, दाणे चांगले टचटचीत भरलेत. पण खायची वासना नाही. एक कणीस हातात घेऊन बसलो आहे, आणि जे आठवेल ते लिहितो आहे.

शहरातल्या लोकांना चीक म्हटलं की खरवस आठवतो. आमच्याकडं हा शब्द तीन ठिकाणी चालतो. ज्वारीच्या दाण्यात पीठ धरायच्या आधी दूध असतं, तो चीक. गाय व्याली की दोन-तीन दिवस पिवळं, दाट दूध येतं, तो चीक. आणि बाई बाळंत झाली की तिला पहिल्यांदा येतो तोही चीकच. पण तिन्हीला आम्ही न्याय एक लावला नाही. कणसातल्या चिकाला पाखरांपासून राखायला माळ्यावर गोफण घेऊन उभे राहायचो. गाईच्या चिकात गूळ-वेलदोडा घालून वाटी-वाटी खरवस शेजारीपाजारी धाडायचो. आणि बाईचा चीक बोरीच्या बुडाशी ओतायचो.

ओतायचो म्हणजे मी ओतला. या हातानं.

माझा स्वतःचा जन्म पोलिस ॲक्शनच्या जरा आधीचा. माय सांगायची, रझाकारांची हूल उठली की ती मला पाठीशी बांधून उभ्या बाजरीत जाऊन बसायची. मी रडलो तर सगळ्यांचाच घात, म्हणून दिवस-दिवस छातीला लावून ठेवायची. "तुला दुधानं गप ठेवला म्हणून आपण जगलो," असं ती येईल त्याला सांगायची. आणि त्याच मायनं माझ्या पहिल्या लेकीला तीन दिवस छातीला लावू दिलं नाही. माय दुष्ट नव्हती. तिला तिच्या सासूनं जे सांगितलं ते तिनं पुढं सांगितलं.

आमचं गाव शेंद्र्याच्या अंगाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण गिरजाला आई नव्हती, म्हणून ते आमच्याच घरी झालं. दिवस हेच, हुरड्याचे. बाजेखाली शेकाचे निखारे, त्यावर ओवा-शेपा टाकलेला, घरभर तो धूर. भिंतीला बाजरीच्या भाकरीचा वास, शेपूच्या भाजीचा वास. तो वास मला आजही कुठं आला तर मी तिथून उठून जातो.

मुलगी झाली. रडणं खणखणीत होतं. मायनं नियम सांगितला, चीक जड असतो, नासका असतो, लेकराच्या पोटात त्याचा दगड होतो. तीन दिवस गुळाचं पाणी, तेही कापसाच्या बोळ्यानं. बाळंतपणाला आलेली आक्का आत बसून गिरजाचा चीक वाटीत पिळायची आणि दाराआडून वाटी माझ्या हातात द्यायची.

"जा रे, बोरीच्या बुडाशी वत. कुनाचा पाय पडू देऊ नगंस."

म्हणजे पायाखाली तुडवायचा नाही एवढा त्याचा मान होता. तोंडात घालायचा नाही एवढंच.

एकदा आतून गिरजाचा आवाज आला होता. अगदी हळू. "आत्याबाई, एकडाव तोंडाला लावू द्या ना. लई रडतीया."

मायनं तिला गप केलं. "तुला हे पहिलं. मला नऊ झाली. मला शिकवतीस व्हय?"

नऊ झाली खरी. त्या नवांतली आक्का अन् मी असे दोघंच उरलो होतो. घरात सगळ्यांना आकडा पाठ होता, पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

सकाळी थंडीत बोरीखाली पिकलेल्या बोरांचा सडा असायचा. मी वाटी वाकडी करायचो. दाट, पिवळंधमक, हळदीचं बोट लागल्यासारखं. माती ते लगेच पीत नसे, वर तरंगत राहायचं. मुंग्या यायच्या. मी वाटी राखेनं घासून, विसळून आत द्यायचो आणि कामाला लागायचो.

त्याच आठवड्यात आमची कपिली गाय व्याली. वासरू पायावर उभं राहीना. मी त्याचं तोंड धरून आचळाला लावलं, आणि गड्यावर ओरडलो, "धार काढू नको रे! आधी चीक जाऊ दे त्याच्या पोटात. त्याबिगर जनावर उभं राहतंय व्हय?" अंगणात उभा राहून ओरडलो. आत बाजेवर गिरजा होती. भिंत कुडाची. तिला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं असणार.

चौथ्या दिवशी लेकरू छातीला लावलं. पण त्याला ओढायचं बळ उरलं नव्हतं. गिरजाची छाती दगडासारखी झालेली. पाचवी पुजली. सटवाईनं काय लिहिलं ते दोन दिवसांत कळलं. बारसं झालं नाही, त्यामुळं तिला नाव नाही. इतकी वर्षं तिचा विषय काढायचा तर कोणत्या नावानं काढावा हाच पेच.

चिकानं ती जगली असती का? कोण सांगणार. थंडी होती, त्या काळी लेकरं तशीही जायची. मी काही डॉक्टर नाही. पण टाकायला नको होता, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही, गाय पुरते. ती माझ्या दारात बांधलेली होती.

लेकरू गेलं तरी दूध थांबलं नाही. त्याला कोण सांगणार की आता नको म्हणून. गिरजाची चोळी ओली व्हायची, ती छातीवर धडपा घट्ट बांधून खुरपायला यायची. शेजारच्या रानात कोणाचं पोर रडलं की धडप्यातूनही ओल वर यायची. ती खाली मान घालून खुरपत राहायची. मी पाहायचो अन् दुसरीकडं बघायचो. कपिलीचा खरवस मायनं तिच्यापुढं ठेवला, तिनं ताट बाजूला सारलं. त्यानंतर जन्मभर तिनं खरवस खाल्ला नाही. मी लोकांना सांगायचो, हिला आवडत नाही. काय पण अक्कल माझी.

दोन वर्षांनी सुभाष झाला. तीच बाज, तोच धूर, तीच बोर. आक्का सासरी अडकली, तिला यायचं जमलं नाही, त्यामुळं गिरजाच वाटी भरून दाराआडून द्यायची. तीन सकाळी मी ओतून आलो. सुभाष मात्र जगला. नुसता जगला नाही, पैलवानासारखा पिला. तीन वर्षांचा होईपर्यंत पीत होता. गिरजा निंदायला वाकली की हा बांधावरून पळत यायचा आणि हुकूम सोडायचा, "माय, बस!" ती बसायची. उन्हातून आलेली असली तर पहिल्या दोन धारा मातीत सोडायची, उन्हानं दूध तापतं म्हणून. मग पाजायची. आठवडी बाजारात पदराखाली लेकरू चोखतंय आणि वर ही मिरच्यांचा भाव करतीय. "काय म्हनला? सोन्याच्या हायेत का?" असं विचारताना पदर जागचा हलायचा नाही. एसटीत, लग्नाच्या मांडवात, कोणी वळून बघत नसे. तेव्हा लेकरू पाजणं ही पाणी पिण्यासारखी गोष्ट होती. ते बरं होतं. आमचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही.

सुभाषला नोकरी लागली आणि आम्ही शहरात आलो. सून सुनंदा शहरातलीच, शहागंजाकडची. तिच्या बाळंतपणात दवाखान्यात पाहिलं, शेजारच्या खाटेवर डब्याच्या दुधाचा डबा दर्शनी ठेवलेला. डब्यावर गुबगुबीत पोराचं चित्र. भेटायला येणारे आधी डबा बघायचे, मग बाळ. डबा परवडतो म्हणजे घर मोठं. सुनंदालाही तो हवा होता. ती पाजायला बसली की दार लावून घ्यायची, आणि मी खोकून-खाकरून घरात वावरायचो. खेड्यात उघड्यावर पाजायची लाज नव्हती, चिकाची होती. शहरात उलटं झालं.

तिथल्या नर्सबाईनं गिरजाला हटकलं. "आजी, पहिलं पिवळं दूध टाकायचं नाही हं. गावाकडचं काही चालायचं नाही इथं."

गिरजा म्हणाली, "मी नाय टाकीत, बाई."

रिक्षात बसलो. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "बघ, आता डाक्टर लोक म्हणतेत टाकू नका. तेव्हा आपल्याला कुठं ठाऊक होतं."

ती रस्त्याकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"तुला कसं?"

"तुमीच सांगितलं. वासराला."

रिक्षा चालत राहिली. मग ती म्हणाली, "वाटी तुमी नेली होती."

मी पुढचा दांडा धरून बसलो.

"सुभाषच्या वक्ताला पन तुमीच नेली. त्या वाटीत कपिलीचं दूध होतं, हळद लावलेलं. चीक सुभाषच्या पोटात हाय. आत्याबाई धार काढायला गेल्या की मी पाजून घ्यायची."

माणूस भोळा असला की लोक म्हणतात, हा बोळ्यानं दूध पितो. तीन सकाळी मी हळदीचं दूध बोरीला घालून आलो होतो, शिवाय त्याच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून काटे पसरून आलो होतो. तिनं ते वीस-पंचवीस वर्षं पोटात ठेवलं. हसली नाही, रडली नाही. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, गिरजे, चुकलं माझं. रिक्षावाला ऐकेल म्हणून घरी जाऊन म्हणू म्हटलं. घरी पाहुणे होते. मग राहिलं ते राहिलंच. आमच्या पिढीत बायकोला चुकलं म्हणायचं कोणी शिकवलं नाही. पण म्हणू नको असंही कोणी सांगितलं नव्हतं.

मग आता काजल, आमची नातसून. शिकलेली, शेंद्र्याला कंपनीत कंत्राटावर. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी कामावर परत जावं लागलं. संध्याकाळी घरी यायची ती ओढणी छातीवर दोनदा लपेटून, अन् खाली कुडता भिजलेला. गिरजाच्या नजरेतून ते सुटणार होय?

"दिवसभर काय करतीस गं दुधाचं?"

"बाथरूममध्ये पिळून टाकते, आजी. काय करू, दुखतं. ठेवायला जागाच नाही."

गिरजाच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. आमचं रान त्याच भागात, कंपन्यांसाठी गेलं, बोरही गेली. तिच्या जागेवर आता कोणाची तरी भिंत आहे. आणि त्याच मातीवर अजून बायका दूध टाकतायत, फरक एवढाच की आता पाय पडू नये म्हणून काटेसुद्धा पसरत नाही कोणी. नळ सोडला की गेलं.

दुसऱ्या दिवशी गिरजानं बाजारातून थर्मासचा डबा आणला, रात्री बर्फ लावला, काजलच्या पिशवीत घातला. "ह्याच्यात आन. एक थेंब टाकलास तर माझ्याशी गाठ हाय." तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये छोट्या बाटल्या येऊ लागल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, किती वाजता काढलं त्याची. पणती दिवसा ते चमच्यानं प्यायची, पणजीच्या हातानं. तिच्या पणजीला आधी एका लेकीसाठी जे करता आलं नाही ते ती चमच्या-चमच्यानं करत होती, असं मला वाटायचं.

आणि एक दिवस मी चहा केला. घरात कोणी उठलं नव्हतं. फ्रिज उघडला, हाताला दूध लागलं, पातेल्यात घातलं. चष्मा नव्हता. काजलनं आत येऊन रिकामी बाटली पाहिली. "आजोबा, असू द्या, असू द्या," म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले. अर्धा तास लागतो म्हणे एवढं निघायला. मी पातेलं धरून मोरीपाशी उभा. गिरजा आली, तिनं बाटली बघितली, पातेलं बघितलं, माझं तोंड बघितलं.

"वाटी सुटली तर बाटली धरली व्हय तुमी?"

आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. काजलही हसली, तिला वाटीचं काही माहीत नव्हतं तरी. मीही हसलो. पण ते पातेलं मला मोरीत रिकामं करवेना. शेवटी गिरजानंच ते तुळशीच्या कुंडीत घातलं. ही हुरड्याच्या आधीची, पंधरा-वीस दिवसांची गोष्ट. वाटीचं नाव तिनं जन्मात दोनदाच घेतलं, एकदा रिक्षात अन् एकदा हे. दुसऱ्या वेळी हसून घेतलं. म्हणून त्या दुपारी गॅलरीत मला वाटलं होतं, आता म्हणून टाकावं. हातातलं कणीस गार होत होतं.

आता पणती दीड वर्षाची होत आली. काजल कामावरून आली की दारातच तिचा कुडता ओढते आणि म्हणते, "बश!" हे तिला कोणी शिकवलं नाही. मी ऐकतो अन् बांध आठवतो.

गिरजा गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं.

सकाळी गिरजाला पुढच्या खोलीत निजवलं होतं. पाचोडची माणसं आली, गावाकडची आली. आक्का कमरेत वाकलेली, दोघींनी धरून आणली, ती गिरजाच्या उशाशी बसली अन् मोठ्यानं रडली. बायका भिंतीला लागून, आम्ही बाप्ये दारापाशी. आतल्या खोलीत पणती रडू लागली. भुकेचं रडणं, खणखणीत. काजल उठली.

"थांब गं," आक्का म्हणाली. "मयताच्या घरात अंगावर घेऊ नगंस. रातभर रडलीस, दूध तापलंय तुजं, लेकराला बाधंल. आधी पिळून टाक. आन् आजचा दिस बाहेरचं पाज."

दोघी-तिघी माना हलवत व्हय व्हय म्हणाल्या. कोणीतरी आतून वाटी आणून काजलच्या हातात दिली. स्टीलची, रोजच्या जेवणातली. काजल एवढी शिकलेली, पण मयताच्या घरात म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार. ती वाटी घेऊन उभी राहिली आणि गिरजाकडं बघत राहिली, जसं काही ती उठून सांगेल.

मी उठलो. गुडघे धरले होते, भिंतीला हात देत गेलो. बायकांमधून गेलो तशा त्या सरकल्या. मी काजलच्या हातातून वाटी काढून घेतली.

"पाज," म्हणालो.

"अरे, पन त्याला रीत हाय..." आक्का म्हणाली.

"आक्का, तू पिळलं. मी नेऊन टाकलं. एक लेकरू गेलं आपल्या दोघांच्या हातनं. आता पुरं."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग तोंडाला पदर लावला आणि स्वतःच जरा बाजूला सरकली, काजलला बसायला जागा केली. काजल तिथंच, गिरजाच्या शेजारी, लेकरू घेऊन बसली. खोलीतलं रडणं आपोआप बारीक झालं. नुसता घटाघटा पिण्याचा आवाज.

मी गिरजाच्या दुसऱ्या अंगाला बसलो. तिच्या कानाशी वाकून ते वाक्य म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं तर ऐकलं. मग वाटी जमिनीवर पालथी घातली, तिच्यावर हात ठेवला, आणि लेकराचं पोट भरेपर्यंत तो उचलला नाही.